रजा संपून महिना उलटला, राजीनामा पोस्टानं पाठवू का?

प्रश्न : आमचे मालक फौजेत नाईक आहेत, तेरा वर्षं नोकरी झाली. सासूबाई कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्यात ॲडमिट होत्या म्हणून रजेवर आले. रजा संपून सदतीस दिवस झाले, अजून गेलेले नाहीत. फौजेतल्या आपल्या कंपनीच्या सीनियरला व्हॉट्सॲप केला होता म्हणतात. परवा पोलिस पाटील चौकशीला आले. मालक आता राजीनामा पोस्टानं पाठवतो म्हणतात. चालेल का? (एक भगिनी, कागल तालुका)

उत्तर : ताई, तो राजीनामा आधी फाडून टाका. जवानाला अशी नोकरी सोडता येत नाही. रीतसर डिस्चार्ज मिळेपर्यंत मालक लष्कर कायदा, १९५० खालीच आहेत, घरी लुंगीवर बसले असले तरी. शिवाय त्या कागदानं ‘मला परत जायचंच नाही’ हे ते स्वतःच्या सहीनं लिहून देतील, आणि सगळं प्रकरण नेमकं इथंच फिरतं.

पुरेशा कारणाशिवाय रजेपेक्षा जास्त राहणं हा कलम ३९ चा गुन्हा. कोर्ट मार्शल, म्हणजे लष्करी खटला, झाला तर कमाल शिक्षा तीन वर्षं कैद. परत न जाण्याच्या इराद्यानं राहणं म्हणजे पळून जाणं, कलम ३८; तिथं सात वर्षांपर्यंत, आणि प्रत्यक्ष मोहिमेवर असताना किंवा तसा हुकूम असताना केलं तर मृत्युदंडापर्यंत. तीस दिवस उलटले की युनिट चौकशी बसवून गैरहजेरी नोंदवतं. त्यानंतरही माणूस हजर झाला नाही की त्याला पळपुटा धरतात आणि पकडण्यासाठी पोलिसांना लिहितात. पोलिस पाटील बहुधा त्यामुळंच आले असावेत. ‘तीन वर्षं गप्प बसा, केस मरते’ असं पारावर कुणी सांगेल, ऐकू नका. पळून जाण्याच्या गुन्ह्याला ती मुदत लागूच नाही.

म्हणून मालकांनी या आठवड्यातच, पोलिसांची वाट न बघता, आपल्या पायांनी युनिटमध्ये हजर व्हावं. इरादा परत जायचा होता, हे यापेक्षा चांगलं दुसऱ्या कशानं दिसत नाही.

जाताना सीपीआरचं डिस्चार्ज कार्ड सोबत असू द्या, पण त्यावरच्या तारखा आधी रजेच्या कागदाशी लावून बघा. सासूबाई रजा संपायच्या आतच घरी आल्या असतील, तर पुढच्या दिवसांसाठी डॉक्टरांचं खरं प्रमाणपत्र लागेल. खोटं चुकूनही घेऊ नका, तो वेगळाच गुन्हा होऊन बसतो. व्हॉट्सॲपनं रजा वाढत नाही. तरी मेसेज पुसू नका, कळवायचा प्रयत्न केला होता एवढं त्यातून दिसतं.

हजर झाल्यावर कमांडिंग ऑफिसर कलम ८० खाली स्वतःच शिक्षा देऊ शकतात; पण मालक नाईक आहेत, म्हणून त्यात कैद देता येत नाही, सक्त ताकिदीसारखी शिक्षा होऊ शकते. नाहीतर समरी कोर्ट मार्शल, म्हणजे कमांडिंग ऑफिसर स्वतः चालवतात तो झटपट खटला. लेफ्टनंट कर्नल किंवा वरचे अधिकारी घेत असतील तर त्यात एक वर्षापर्यंत कैद आणि बडतर्फीही. मला खरी भीती बडतर्फीची वाटते, कारण पंधरा वर्षांच्या पेन्शनला दोनच वर्षं उरलीत. कोर्ट मार्शलमध्ये मदतीला माणूस मागायचा हक्क मालकांना आहे, तो जरूर मागावा. गुन्हा कबूल आहे का विचारतील, तेव्हा आरोप नीट वाचून घेतल्याशिवाय ‘हो’ म्हणू नये. ‘हो’ म्हटल्यावर सासूबाईंचं आजारपण सांगायला फारशी जागा उरत नाही.

समरी कोर्ट मार्शलमध्ये बडतर्फी किंवा तीन महिन्यांहून जास्त कैद झाली आणि निकाल पटला नाही, तर दाद सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात मागायची. कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच झालं म्हणून लोक आता सगळंच तिथं न्यायला बघतात; या कामी तो रस्ता पहिला नव्हे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी एक चक्कर मारा, अर्ज कसा लिहायचा ते तिथं सांगतील.

गैरहजेरीच्या दिवसांचा पगार कापला जाईल. कर्जाचा हप्ता असेल तर बँकेत तुम्हीच आधी बोलून ठेवा.