वाचकांचे प्रश्न : गाणी टिपायला मस्कतला जाताना

प्रश्न : सर, सादर नमस्कार. मी नाशिकमध्ये संगीत विषयात एम.ए. करते. माझे मामा बरीच वर्षे मस्कतला नोकरीला आहेत आणि येत्या हिवाळ्यात मी दोन महिने त्यांच्याकडे राहणार आहे. तिथली पारंपरिक गाणी ध्वनिमुद्रित करून त्यांवर छोटा प्रबंध लिहावा, असे मनात आहे. माझ्याजवळ बऱ्यापैकी रेकॉर्डर आहे. अरबी मात्र जुजबीच येते. सुरुवात कुठून करावी? एकट्या मुलीला हे कसे जमणार, अशी काळजी घरी सगळ्यांना वाटते.
— एक विद्यार्थिनी, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : घरच्यांच्या काळजीकडे शेवटी वळतो, कारण अवघड भाग वेगळाच आहे. ‘तिथली पारंपरिक गाणी’ हा विषय दोन महिन्यांत आटोपणारा नाही. ओमानच्या उत्तरेकडे पुरुष समोरासमोर रांगा धरून, तलवारी घेऊन, रहमानी आणि कासिर या ढोलांच्या साथीने ‘रझहा’ करतात. एका रांगेने टाकलेल्या काव्याला दुसरी रांग काव्यानेच उत्तर देते. दक्षिणेला धोफारमध्ये खंजीर हाती धरून नाचण्याचा ‘बरआ’ आहे, ज्याची नोंद युनेस्कोच्या वारसा यादीत २०१० साली झाली. किनाऱ्यावर पूर्व आफ्रिकेतून आलेला ‘लीवा’ आहे. यांपैकी एकच प्रकार घ्या, आणि तोही मामांच्या घरून सहज जाता येईल अशा गावातला.

मस्कतमध्ये १९८३ साली स्थापन झालेले ओमानी पारंपरिक संगीताचे केंद्र आहे. पहिले काही दिवस रेकॉर्डर पिशवीतून न काढता तिथे आधीच काय जमा झाले आहे ते ऐकण्यात घालवावेत, असे मी सुचवीन. भेटीच्या व्हिसावर संशोधन आणि ध्वनिमुद्रण चालते, असे परस्पर गृहीत धरू नका. निघण्यापूर्वी लेखी विचारणा करा. मस्कतमधल्या मत्राहच्या बाजारात तुमचे हिंदीवर भागेल, गाण्याच्या बोलांवर मात्र भागणार नाही, तेव्हा अरबी समजावून देणारी एखादी स्थानिक मैत्रीण आधी जोडा.

आता यंत्राविषयी. आपण गाणी गोळा करतो असे आपल्याला वाटते, पण काय गोळा व्हायचे ते पुष्कळदा हातातले यंत्र ठरवत असते. हंगेरीचे संगीतकार बेला बार्टोक १९१३ साली अल्जीरियातल्या बिस्क्रा भागात फोनोग्राफ घेऊन गेले होते. मेणाच्या नळकांड्यावर मावत असत जेमतेम काही मिनिटे. त्यात उन्हाळ्याने ते आजारी पडले आणि मुक्काम आवरता घ्यावा लागला. अमेरिकन लेखक-संगीतकार पॉल बोल्स यांनी १९५९ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी मोरोक्कोत ध्वनिमुद्रणे केली, तेव्हा त्यांचे अवजड टेपयंत्र विजेवाचून चालत नव्हते. डोंगरातल्या गावांत वीज नाही, म्हणून गाणाऱ्यांनाच वीज असलेल्या ठिकाणी आणावे लागले. त्यांच्याच अनुभवातली एक गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. मोरोक्कोच्या डोंगराळ रिफ भागात कस्बा नावाची लांब बासरी वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्या वादकाने गायकाविना एकट्याने वाजवावे, असा बोल्स यांचा आग्रह होता. शब्द म्हणणारा कोणी नसेल तर बासरी काय म्हणते ते लोकांना कळणार कसे, असा त्या वादकाचा आक्षेप होता. शेवटी वाजवणे झाले आणि ते मुद्रितही झाले. आज ते ऐकताना ती बासरी एकटीनेच वाजायची, असा समज कोणाचाही होईल.

मला हे कळायला पेठ तालुक्यातली एक रात्र लागली. थाळीवरची कथा टिपायला गेलो होतो. काशाच्या थाळीत मधोमध मेणाने काडी उभी चिकटवलेली असते आणि कथेकरी तिच्यावरून वरून खाली बोटे ओढत राहतो. थाळी घुमते, आणि त्या घुमण्यावर कथा रात्रभर पुढे सरकते. मी रेकॉर्डर थाळीच्या अगदी जवळ जमिनीवर ठेवला, त्यामुळे घुमणे भरपूर आले आणि शब्द बुडाले. शिवाय दर अर्ध्या तासाने कॅसेट उलटताना कथा निसटत होती. तिसऱ्या वेळी कथेकरीबाबा थांबले आणि म्हणाले, “यंत्र निजलं काय तुमचं?” पुढे यंत्र जागे होईपर्यंत ते तंबाखू मळत थांबू लागले. म्हणजे माझ्या मुद्रणात कथेला दर अर्ध्या तासाने जे विसावे ऐकू येतात ते कथेचे नाहीत, माझ्या कॅसेटचे आहेत. ही गोष्ट मी तेव्हा वहीत लिहिली नसती तर त्यावर एखाद्याने ‘कथनाची कालरचना’ असा निबंधही लिहिला असता!

म्हणून वही रेकॉर्डरइतकीच महत्त्वाची माना. कोण गायले आणि ते कोणाकडून शिकले, प्रसंग खरा होता की तुमच्यासाठी उभा केलेला, समोर कोण बसले होते, मध्येच काय थांबले आणि का, हे त्याच रात्री लिहून काढा. ऐकणाऱ्यांचे आवाज कापू नका. अरब संगीतात ‘तरब’ म्हणजे गाण्याने येणारी तल्लीनता, आणि ती गाणाऱ्याइतकीच जाणत्या श्रोत्यांच्याही हाती असते. त्यांनी योग्य जागी ‘अल्ला’ म्हटले की गायक तीच ओळ वेगळी वळवून पुन्हा घेतो. आपल्या मैफलींची मुद्रणे ‘स्वच्छ’ करताना दाद छाटून टाकणाऱ्यांवर माझा जुना राग आहे, पण तो विषय वेगळा.

‘हे तर आपल्यासारखेच’ असे म्हणण्याचा मोहही जपून आवरा. येमेनमधल्या सानाच्या गायकीत तांब्याचे ताट दोन्ही अंगठ्यांवर तोलून उरलेल्या बोटांनी वाजवतात, हे समजले तेव्हा मला लगेच पेठची थाळी आठवली. दोन्ही घरातलीच भांडी, हे खरे. पण तिथे ताट ताल धरते आणि इथे थाळी सूर धरते. साम्य एवढ्यावरच संपते.

आता घरच्यांची काळजी. लीला अबू-लुघोद या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक १९७८ साली इजिप्तच्या पश्चिम वाळवंटातील अवलाद अली या बेदुईन लोकांत राहायला गेल्या, तेव्हा त्यांचे पॅलेस्टिनी वडील सोबत गेले आणि त्यांनी मुलीला त्या कुटुंबाच्या हवाली केले. वडिलांना सोबत न्यायचे म्हणून लीला यांना आधी अवघडल्यासारखे झाले होते. पुढे उमगले की पाठीशी घर असलेली मुलगी म्हणूनच त्यांना त्या घरात लेकीची जागा मिळाली. बायकांमध्ये बसता आले, म्हणून ‘घिन्नावा’ कानी पडले. घिन्नावा म्हणजे जेमतेम ओळभराचे गाणे. मानी माणसे चारचौघांत ज्या दुःखाचा उच्चारही करत नाहीत, ते या गाण्यात बोलून जातात. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. सासरी अवाक्षर न काढणारी बाई दळताना काय काय सांगत असे! तेव्हा मामा-मामींना पहिल्या भेटीला अवश्य न्या, आणि मुलगी असल्यामुळे पुरुष संशोधकाला बंद असलेली दारे तुम्हाला उघडतील हेही लक्षात ठेवा. मात्र आत मिळालेले बाहेर नेताना विचारा. आपला आवाज परपुरुषांच्या कानी पडू नये असे एखादीला वाटत असेल तर ते गाणे वहीत राहू द्या, मुद्रण करू नका. आणि केलेले कोणतेही मुद्रण गाणाऱ्याला विचारल्यावाचून समाजमाध्यमांवर टाकू नका. प्रत मात्र त्यांना द्या, आणि ती निघण्यापूर्वीच द्या. ‘पाठवून देईन’ म्हणणारे किती पाठवतात, हे मला माझ्यावरूनच ठाऊक आहे.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवतो. अरबी संगीतात आपल्या दोन स्वरांच्या मधले स्वर असतात असे ऐकले. त्या म्हणजे आपल्या श्रुतीच का? ते पेटीवर काढता येतील का?
— एक निवृत्त शिक्षक, पंचवटी

उत्तर : पेटीवर येणार नाहीत. ‘रास्त’ नावाच्या मकामात, म्हणजे आपल्या रागासारख्या त्यांच्या स्वररचनेत, सा धरला तर त्याचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी पडतो, निषादही तसाच. पेटीच्या पट्ट्यांत ती जागाच नाही. त्यांना श्रुती म्हणणे मी टाळीन, कारण आपल्याकडे श्रुती बहुधा रागातल्या स्वराची बारीक छटा म्हणून येते, आणि तिथला हा मधला गंधार स्वतःचे नाव असलेला पूर्ण स्वर आहे.

सप्तकाचे सारखे चोवीस भाग करून तो बसवावा, हा विचार एकोणिसाव्या शतकापासून मांडला जात होता. १९३२ साली इजिप्तचे राजे फुआद यांच्या पुढाकाराने कैरोत अरब संगीताची मोठी परिषद भरली, बार्टोकही तिथे होते, तेव्हा यावर बराच खल झाला आणि एकमत झाले नाही. इजिप्तमधला तो स्वर किंचित उतरता आणि सीरियातला किंचित चढा लागतो, मग सारखे भाग करायचे कोणाच्या कानाने? गंमत पियानोच्या वादाची आहे. अरब संगीतात पियानो आणावा म्हणणाऱ्यांत स्थानिक मंडळी बरीच होती, आणि आणू नका म्हणणाऱ्यांत युरोपीय पाहुणे. आकाशवाणीवर पेटीला अनेक वर्षे बंदी होती, हे आठवत असेल तर त्या वादाची धग तुम्हाला कळेल. परिषदेत साडेतीनशेच्या वर ध्वनिमुद्रणे झाली, आणि त्यांचा समग्र संच प्रसिद्ध व्हायला २०१५ साल उजाडले.

प्रश्न : माझे आजोबा मुंबईत मोत्यांच्या पेढीवर कारकून होते. आखातातून येणारे अरब व्यापारी संध्याकाळी गाणे करत, असे ते सांगत. याला काही आधार आहे का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : आहे. आखाती मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबईच होती, त्यामुळे बहरीन-कुवेतच्या व्यापारी घराण्यांची माणसे इथे राहत. तिकडच्या ‘सौत’ या गायनप्रकाराचे आद्य म्हणून ज्यांचे नाव घेतात ते कुवेतचे एकोणिसाव्या शतकातले कवी-गायक अब्दुल्ला अल-फरज मुंबईतच वाढले. बहरीनचे नामवंत गायक मुहम्मद बिन फारिस यांनीही मुंबईत येऊन एका अरब उस्तादाकडून तालीम घेतली होती.

मोती काढणाऱ्यांची गाणी मात्र निराळी. त्यांना ‘फिजिरी’ म्हणतात. नावेवर ‘नह्हाम’ नावाचा खास गायक पगारी असे. बाकीचे खलाशी खालच्या पट्टीत घुमारा धरत, टाळ्या वाजवत, आणि किनाऱ्यावरच्या बैठकीत पाण्याचा मातीचा घडा हाताने वाजवत. जपानी संवर्धित मोती बाजारात आले, १९३२ साली बहरीनमध्ये तेल लागले आणि नावा हळूहळू बंद झाल्या. डॅनिश संगीतकार पॉल रोव्हसिंग ओल्सेन साठच्या दशकात ही गाणी टिपायला गेले, तेव्हा म्हातारे पाणबुडे ती जमिनीवर, आपल्या बैठकीच्या घरात बसून गात होते. तुमच्या आजोबांची एखादी हिशेबाची वही घरात उरली असेल, तर व्यापाऱ्यांची नावे आणि महिने पाहून मला कळवा. मोत्यांचा माल कोणत्या महिन्यांत मुंबईला येत असे, हे त्यावरून ताडता येईल.