अवकाशसहलींच्या धुराला जबाबदार कोण?

प्रश्न : जुलै २०२१ मध्ये रिचर्ड ब्रॅन्सन आणि जेफ बेझोस आपापल्या कंपन्यांच्या यानांतून अवकाशाच्या उंबरठ्यावर जाऊन आले. त्याच महिन्यात पंचगंगेला महापूर आला आणि अनेक घरांत पाणी शिरले. पर्यावरणाची झळ आम्ही सोसायची आणि श्रीमंतांनी हौसेसाठी धूर सोडायचा, हे नीतीला धरून आहे का?
– एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : आपला संताप रास्त आहे. मात्र त्या उड्डाणांचा आणि पुराचा कार्यकारणसंबंध जोडता येत नाही, कारण विमानवाहतुकीच्या तुलनेत रॉकेटांत जळणारे इंधन फारच थोडे असते. चिंता आहे ती हा धूर कोठे सुटतो याची. शिरोलीतील फौंड्रीच्या धुराड्यातून निघालेली काजळी पावसाबरोबर काही दिवसांत खाली येते. रॉकेटची काजळी मात्र, जेथे पाऊसच नाही अशा स्थितांबर या वातावरणाच्या वरच्या थरापर्यंत पोहोचून वर्षानुवर्षे तरंगत राहते, उन्हाची उष्णता शोषून तो थर तापवते आणि ओझोनलाही बाधा आणू शकते. अर्थात सारी इंधने सारखी नसतात. बेझोस यांच्या यानाने द्रवरूप हायड्रोजन वापरला, त्यातून मुख्यतः पाण्याची वाफ निघते. ब्रॅन्सन यांच्या यानात कृत्रिम रबर जळले आणि त्याची काजळी झाली.

मला सहलींपेक्षा उपग्रहांच्या ताफ्यांची काळजी अधिक वाटते. स्टारलिंक या उपग्रहांद्वारे इंटरनेट पुरवणाऱ्या सेवेचे उपग्रह काही वर्षांनी वातावरणात जळून जावेत अशीच योजना असते, पण जळलेला धातू नाहीसा होत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्थितांबरातील गंधकाम्लाच्या तुलनेने मोठ्या कणांपैकी सुमारे १० टक्के कणांत परतताना जळालेल्या यानांचे अ‍ॅल्युमिनियम व अन्य धातू आढळले.

तरीही सरसकट विरोध मला पटत नाही. पावसाच्या ढगांवर नजर ठेवणारे उपग्रहही रॉकेटनेच वर जातात. सुमारे १० मिनिटांच्या सहलीला तीच मोकळीक देणे मात्र अन्यायाचे आहे, कारण ते वातावरण सहल करणाऱ्याइतकेच आपल्या विद्यार्थ्यांचेही आहे. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार खासगी कंपनीच्या अवकाशातील कार्याची जबाबदारी तिच्या देशावर येते. भारतानेही २०२३ च्या अवकाश धोरणाने खासगी उद्योगांना दार उघडले आहे. तेव्हा प्रत्येक परवानगीपूर्वी इंधन कोणते, काजळी किती आणि परतताना कोणता धातू जळणार, हे कंपनीने जाहीर करावे, अशी मागणी आपण आपल्या खासदारांकडे लेखी करावी.