वडिलांची बारा वर्षे बंद असलेली येझदी कोल्हापुरात पुन्हा कशी सुरू करावी?

तुमचा प्रश्न असा आहे की, वडिलांची १९८० सालची अडीचशे सीसी येझदी मोटारसायकल बारा वर्षे घराच्या पडवीत उभी आहे, ती एखाद्या मिस्त्रींच्या ताब्यात देऊन मोकळे व्हावे की स्वतः हात घालावा, आणि स्वतः करायचे ठरवल्यास कोल्हापुरात मदत कोणाची मिळेल. माझ्याकडे १९८२ सालची येझदी रोडकिंग आहे आणि तुम्ही आज जिथे उभे आहात तिथून मीही गेलेलो असल्याने, अनुभवाने बनलेले मत आधीच सांगून टाकतो. अख्खी गाडी कोणाच्याही हवाली करू नका. दोष ओळखण्याचे काम जाणकारांकडून करून घ्यावे, लेथवरचे काम उद्यमनगरातल्या कारखान्यांत करून घ्यावे आणि खोलणे, धुणे, जोडणे स्वतः करावे.

मी पहिल्या खेपेस उलटे केले होते. एका गॅरेजमध्ये गाडी सोडली, ‘पुढच्या महिन्यात बघू’ असे दीड वर्ष ऐकले आणि शेवटी गाडी टेम्पोतून परत आणली तेव्हा निम्मे इंजिन दोन पोत्यांत होते. त्या पोत्यांतला कार्बोरेटर माझ्या गाडीचा नव्हता, हे मला पुढे सहा महिन्यांनी दुसऱ्या एका येझदीवाल्याने दाखवून दिले. त्या गॅरेजवाल्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. रोजच्या गाड्यांच्या गर्दीत जुनी गाडी नेहमी भिंतीकडे सरकते, एवढेच.

या गाड्यांची अडचण मुळातच वेगळी आहे. आयडियल जावा ही कंपनी १९६० साली म्हैसूरला स्थापन झाली, १९७३ पासून तिच्या गाड्यांवर येझदी हे नाव आले आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. अलीकडे त्याच नावांनी आलेल्या नव्या गाड्या फोरस्ट्रोक आहेत, त्यांचे सुटे भाग आपल्या टूस्ट्रोक इंजिनाला उपयोगी पडत नाहीत. तेव्हा कंपनीचे सर्व्हिस सेंटर नाही. जे ज्ञान शिल्लक आहे ते गाडी वापरणाऱ्यांच्या आणि काही मोजक्या वयस्कर फिटरांच्या हातात आहे.

आता तुमच्या गाडीकडे येतो. सर्वांत आधी एक पथ्य पाळा, ते म्हणजे उत्साहाच्या भरात किक मारू नका. बारा वर्षांत सिलिंडरच्या आत गंज धरलेला असू शकतो आणि पिस्टनच्या रिंगा त्याला चिकटलेल्या असू शकतात. जोरात किक बसली तर रिंग तुटते आणि तिचा तुकडा पोर्टमध्ये (सिलिंडरच्या भिंतीतल्या झरोक्यात) अडकून बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, चर पाडतो. प्लग काढा, त्या भोकातून दोन चमचे टूटी ऑईल (टूस्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते तेल) सोडा, एक रात्र जाऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने हळूहळू फिरवून पाहा. पिस्टन हलला तर निम्मी चिंता मिटली. नाही हलला तर पुन्हा तेल सोडून थांबा; हातोडीचा विचारही मनात आणू नका. याच वेळी मोबाईलवर प्रत्येक बाजूचे, विशेषतः वायरिंगचे आणि केबल कुठून कुठे जातात त्याचे फोटो काढून ठेवा, आणि निघालेले नट-बोल्ट ज्या भागाचे त्या भागाच्या नावाच्या डब्यात टाका. मिठाईचे रिकामे डबे यासाठी उत्तम.

टाकीत गंज असणारच. काही जण टाकीत रॉकेल आणि मूठभर नट घालून ती तासभर हलवतात. त्याने सुटा गंज निघतो, पण धरलेला गंज तसाच राहतो. आमच्या येझदीवाल्या मंडळींची पद्धत ऊसपट्ट्याला शोभणारी आहे. साखर कारखान्याची मळी (मोलॅसिस) पशुखाद्यवाल्याकडून मिळवायची, एका भागाला नऊ भाग पाणी मिसळून टाकी काठोकाठ भरायची आणि दहा-पंधरा दिवस विसरून जायचे. मळी गंज विरघळवते आणि चांगल्या पत्र्याला फारसा धक्का लावत नाही. वास मात्र असा सुटतो की घरातील माणसे तुम्हाला टाकीसकट अंगणात काढतात. दोन गोष्टी विसरू नका: पेट्रोल कॉक आधी काढून घ्या, आणि अॅल्युमिनियमचा कोणताही भाग मळीत बुडवू नका, कारण मळी अॅल्युमिनियम खाते. नंतर टाकी पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी आणि लगेच आतून तेलाचा हात फिरवावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा तांबूस थर दिसतो.

त्याच उसाचे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत असते आणि ते जुन्या गाड्यांना मानवत नाही. ते हवेतील ओल शोषते, जुन्या रबराच्या नळ्या आणि वायसर फुगवते किंवा ठिसूळ करते. म्हणून नळ्या नव्या घाला, आणि गाडी आठ-दहा दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवा. पावसाळ्यात हे विशेष सांभाळावे लागते, कारण जून ते सप्टेंबर गाडी उभीच राहते आणि हवेत ओल भरपूर असते.

ठिणगीबाबत एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. या गाडीत बॅटरी आणि कॉइलवर ठिणगी पडते. सहा व्होल्टची बॅटरी मेलेली असेल तर तुम्ही दिवसभर किक मारत राहिलात तरी प्लगवर ठिणगी पडणार नाही. बॅटरी भरून घ्या, पॉइंट (उघडताना वीजप्रवाह तोडून ठिणगी पाडणारा संपर्क) बारीक पॉलिश पेपरने साफ करा, पॉइंटमधील फट सुमारे ०.४ मिलिमीटर आणि प्लगची सुमारे ०.६ मिलिमीटर ठेवा. पॉइंट नेमका कुठे उघडतो हे पाहण्यासाठी आमचे एक ज्येष्ठ स्नेही सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरतात आणि डायनामोचा रोटर तसूभर फिरवत तो ओढत राहतात. कागद सुटतो ती जागा म्हणजे ठिणगीची जागा. ते स्वतः सिगारेट ओढत नाहीत, पाकीट मात्र कायम खिशात असते.

आता ज्या दोषाने माझे चार महिने खाल्ले तो जरा सविस्तर सांगतो, कारण इतकी वर्षे उभ्या असलेल्या गाडीत तो जवळपास हमखास असतो. माझी गाडी चालू झाली, पण पांढरट धूर सोडायची, दर आठवड्याला प्लग काळा करायची आणि पन्हाळ्याकडे जाताना वाघबीळच्या चढावर दम टाकायची. मी कार्बोरेटरचा जेट बदलला, सुई खाली-वर केली, ऑईलचे प्रमाण कमी करून पाहिले, दोन प्लग फेकले. एका रविवारी वर उल्लेखिलेले, सिगारेटच्या पाकिटाचे काका घरी आले, गाडी चालू करायला सांगितली, सायलेन्सरच्या तोंडापुढे तळहात धरला, तो हुंगला आणि विचारले, ‘गिअर ऑईल कधी मोजलंय?’ आम्ही ते परातीत काढले. मी भरले होते त्यापेक्षा जवळपास पाव लिटर कमी निघाले, आणि गाडीखाली तर तेलाचा एक थेंबही सांडलेला नव्हता. क्रँकच्या डाव्या, म्हणजे क्लचकडील बाजूचे ऑईल सील उभ्या उभ्या सुकून कडक झाले होते, त्यामुळे इंजिन गिअर बॉक्समधले तेल आत ओढून जाळत होते. उजव्या, डायनामोकडील बाजूचे सील गेले तर लक्षण वेगळे असते: आत हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होते, अॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिनाचा आवाज खाली येत नाही आणि इंजिन तापते. हा दोष अधिक घातक, कारण त्यात पिस्टन धरण्याची, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होण्याची, भीती असते. आम्ही इंजिन उतरवून दोन्ही सील एकदमच बदलले, आणि पुढच्या रविवारी वाघबीळ एका दमात चढलो. तुम्ही इंजिन उघडणार असाल तर जुनी सील चांगली दिसली तरी परत बसवू नका.

बोअर आणि क्रँकचे काम घरी होत नाही. त्यासाठी आपले शिवाजी उद्यमनगर आहे. ज्या शहरात बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा बनवला, तिथे येझदीचा क्रँक सरळ करणारा टर्नर मिळायला अडचण पडू नये. मात्र दोन गोष्टी तुम्ही स्वतः उभे राहून पाहा. ओव्हरसाइज पिस्टन हातात आल्याशिवाय रिबोअर (बोअर कापून मोठा करणे) करू देऊ नका, कारण बोअर पिस्टनच्या मापाने कापायचा असतो, डब्यावर छापलेल्या मापाने नव्हे. आणि नवा कनेक्टिंग रॉड दाबून बसवल्यावर क्रँक सेंटरमध्ये धरून, तो सरळ फिरतो का हे मापक डायल लावून दाखवायला सांगा. चांगला कारागीर या मागणीने रागावत नाही. रिबोअरनंतरच्या पहिल्या पाचशे किलोमीटरसाठी मी लिटरला ५० मिलिलिटर टूटी ऑईल घालतो, नंतर ४० वर येतो.

माणसे कशी शोधावीत? रविवारी सकाळी रंकाळ्याच्या परिसरात किंवा पन्हाळ्याच्या रस्त्यावर दोन सायलेन्सरची गाडी उभी दिसली की थांबा. या गाडीचा मालक कधीही घाईत नसतो. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीचा दिवस पाळला जातो, तेव्हा तर शोधावेच लागत नाही. पण मदत मागताना ‘गाडी चालत नाही’ एवढेच सांगू नका. थंड इंजिन कितव्या किकला लागते, प्लगचा रंग कसा आहे, धूर पांढरा की निळा, दोष चढावर येतो की सपाटीवर, हे वहीत लिहून न्या; निम्मे निदान तिथेच होते. आमच्यात डायनामोचा पुलर (डायनामो खेचून काढायचे हत्यार) एकच आहे आणि तो गेली अनेक वर्षे घरोघर फिरतो आहे. ज्याच्याकडे तो असतो त्याने पुढच्या माणसाकडे स्वतः पोचवायचा आणि त्या दिवशी त्याच्या गाडीला हात लावायचा, असा अलिखित नियम आहे. तुम्ही पहिल्या वेळी नुसते बोल्ट धुतलेत तरी चालेल. आणि तुमच्याकडे जादा निघालेला भाग, अगदी गंजलेला असला तरी, भंगारात देऊ नका. तुमच्या दृष्टीने निकामी झालेले डायनामोचे झाकण कोणीतरी तीन वर्षे शोधत असते.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. वडील हयात नसतील तर वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी फॉर्म ३१ आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी फॉर्म २५ लागतो. इंजिन आणि चेसिसचे नंबर नोंदणी पुस्तकाशी आधी ताडून घ्या, आणि रंगकाम करणाऱ्याला त्या नंबरांवर घासकाम करू देऊ नका. २०२१ च्या नियमांनुसार ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातील गाडीलाच मिळते. तुमच्या गाडीला त्यासाठी २०३० पर्यंत थांबावे लागेल. ती नोंदणी घेतलेली गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, त्यामुळे मी स्वतः तिच्या मागे लागणार नाही.

रंगाचे काम सर्वांत शेवटी करा, कारण नव्या रंगावर पाना घसरला की जीव कळवळतो. त्याआधी बाजूच्या टूलबॉक्सचे झाकण उघडून आतला पत्रा ओल्या फडक्याने पुसून पाहा. ऊन न लागलेला मूळ रंग बहुधा तिथेच शिल्लक असतो. रंग जुळवणाऱ्याला ते झाकण नमुना म्हणून द्या आणि त्याची आतली बाजू पुन्हा रंगवू नका.