तारेचे प्रश्न

मुलीला ब्रेसेस लावल्या तेव्हा ‘टायटॅनियमची तार’ घातली होती. आता ती काढून स्टीलची घालणार म्हणतात. भारीतली काढून साधी कशाला?

ती निव्वळ टायटॅनियमची नसते. निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू असतो आणि वजनाने त्यात निम्म्याहून जास्त, साधारण ५५ टक्के, निकेलच असतं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचे जॉर्ज अँड्रिसन यांनी १९७१ च्या सुमारास ही तार दंतोपचारात आणली.

सुरुवातीला दात वर-खाली, तिरके असतात. ०.०१४ इंचाची ही गोल तार कितीही वेड्यावाकड्या ब्रॅकेटांत (दातांवर चिकटवलेल्या, तार धरणाऱ्या छोट्या चौकटींत) बसते आणि मूळ कमानीकडे परतताना आठवडेच्या आठवडे हलका, जवळपास एकसारखा जोर लावते. तेवढ्याच जाडीची स्टीलची तार आधी फार जोर लावेल आणि दात जरा सरकला की ढिली पडेल, किंवा कायमची वाकेल.

पण हाच लवचिकपणा पुढे नडतो. दात काढून केलेली फट मिटवताना दात तारेवरून सरकवायचे असतात. तार मऊ असली तर ती झोळते आणि दात सरळ न सरकता फटीत कलतात. म्हणून ब्रॅकेटच्या ०.०२२ इंची खाचेत ०.०१९ × ०.०२५ इंचाची चौकोनी स्टीलची तार घालतात. ती पकडीने हवी तशी वाकवताही येते. घाई मात्र नको. स्टीलची तार दाबून बसवावी लागत असेल तर दात अजून समपातळीत आलेले नाहीत. अशा वेळी ब्रॅकेट निखळतात. मधल्या टप्प्यातली चौकोनी निकेल-टायटॅनियम तार आणखी काही आठवडे ठेवणं बरं.

खोट्या दागिन्यांनी मला पुरळ येतं. ही तार चालेल?

तार बसवण्याआधीच डॉक्टरांना सांगा. त्वचेला निकेल सोसत नाही म्हणून तोंडात त्रास होईलच असं नाही. पण ब्रश नीट करूनही हिरड्या लाल, सुजलेल्या राहिल्या किंवा ओठांभोवती पुरळ आलं, तर तार बदलावी. बदल म्हणून स्टील सुचवलं जातं, पण नेहमीच्या स्टीलमध्येही सुमारे ८ टक्के निकेल असतं! बिनानिकेलची हवी तर बीटा-टायटॅनियमची मागा. तिच्यात मॉलिब्डेनम, झिर्कोनियम आणि कथील असतं. ती खरखरीत असल्याने दात तिच्यावरून सहज सरकत नाहीत. फट मिटवायला तारेतच वळसे घालावे लागतात. ब्रॅकेटही टायटॅनियमचे किंवा सिरॅमिकचे घ्या.

तारेचं मागचं टोक गालाला टोचतं. नेलकटरने कापू का?

नको, तुकडा उडून घशात जाऊ शकतो. कापसाने जागा कोरडी करून वाटाण्याएवढं ब्रेसेसचं मेण दाबून बसवा. गोल तार बऱ्याचदा एका बाजूला सरकते. दुसऱ्या बाजूचं टोक दाढेवर बसवलेल्या छोट्या नळीतून निसटलं आहे का, तेही पाहा. दवाखान्यात टोक ज्योतीवर तापवून मऊ करतात आणि नळीमागे मुडपतात. न तापवता मुडपलेलं टोक पुन्हा सरळ होतं.