खिडक्या सडल्यात, सगळ्या बदलायच्या का?

प्रश्न : एका जुन्या घराचं म्युझियम केलंय, देखभाल माझ्याकडे आहे. खिडक्यांचं लाकूड खालून मऊ पडलंय, रंगाचे पोपडे निघतायत, काही पल्ले तर उघडतच नाहीत. कमिटी म्हणते सगळ्या काढून अ‍ॅल्युमिनियमच्या बसवा, कटकट मिटेल. काय करू?

उत्तर : प्लीज काढू नका! त्या घरातल्या माणसांनी ज्या काचेतून बाहेर बघितलं तीच गेली तर लोकांना दाखवणार काय? आणि सड बहुतेक वेळा खालीच असते, सिल (चौकटीचा खालचा आडवा भाग), पल्ल्याची खालची पट्टी आणि सांधे, वरचं लाकूड ठणठणीत असतं. दाभण टोचून थोडं उचकटून बघा, लांब चिवट कुसळ निघालं तर लाकूड चांगलं, कट्कन तुकडा पडला तर ते सडलंय.

पण दुरुस्तीच्या आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते, मग कितीही भारी काम करा, परत सडणारच. सिलच्या खालच्या अंगाला पाणी तोडायला बारीक खाच असते ना, ती रंगाचे थर चढून चढून बुजते आणि पाणी सरळ भिंतीकडे वळतं. आधी ती मोकळी करा, गटारं-पन्हाळी बघा.

मग लाकूड पूर्ण सुकू द्या. लहान खड्ड्यांना इपॉक्सी (भरल्यावर कडक होणारं रेझिन) चालतं, पण ओल्या लाकडात भरलंत तर ओल आतच कोंडते. जास्त सडलं असेल तर तेवढाच भाग कापून त्याच जातीचं लाकूड, रेषा जुळवून, जोडायचं आणि मागच्या बाजूला दुरुस्तीचं वर्ष कोरायचं. जुन्या वास्तूंच्या जतनासाठीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस चार्टरमध्येही हेच आहे, नवा भाग जुन्यात मिसळावा पण ओळखता यावा.

जुन्या रंगात विषारी शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडं घासणं आणि ब्लोटॉर्च बिलकुल नको. ओलं करून खरवडा, साधा कापडी मास्क पुरत नाही. एका कोपऱ्यात सगळे थर तसेच ठेवा, घराच्या रंगांचा इतिहास तिथेच आहे.

काच लहरी दिसली तरी तीच ठेवा, कडक झालेली पुट्टी वाफेने मऊ करून काढा, नवी जवसाच्या तेलाची भरा, वर साय धरली की रंग द्या आणि रंग काचेवर दोनेक मिलिमीटर येऊ द्या म्हणजे फटीत पाणी जात नाही. न उघडणारे पल्ले बऱ्याचदा नुसते रंगाने चिकटलेले असतात, हातोडी न मारता पातळ पातं फटीतून हळूहळू फिरवा.