केवड्याच्या गावातलं प्रदर्शन

वाचकांची पत्रं : चित्रकलेचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मॉरिशसमधल्या वाक्वाची. आमचे खापरपणजोबा रत्नागिरीकडून इकडे आले. यंदा गणपतीत मंडळाच्या सभागृहात आम्ही चित्रांचं प्रदर्शन मांडतोय, विषय ‘आपल्या बेटाचे जीव’. मुलांनी, आयांनी, दोन आजोबांनीही चित्रं दिली. बेचाळीस जमली. त्यांत सतरा डोडो, सहा मोर, पाच पोपट, बाकी जास्वंद, गुलमोहर, साळुंक्या. आमचे एक शेजारी वनखात्यात होते. ते बघून म्हणाले, “यात डोडो सोडला तर बेटाचं स्वतःचं काहीच नाही.” मुलं हिरमुसली. त्यातच माझ्या दहा वर्षांच्या लेकीने विचारलं, “मग आपणही बाहेरचेच ना?” मला उत्तर सुचलं नाही. चित्रं परत करू का? आणि नवीन काय काढायला सांगू?

उत्तर : चित्रं परत करू नका. एकही नको. ती सगळी लावायची आहेत, फक्त कुठली कुठे लावायची ते ठरवू.

मुलगा तिकडे नोकरीला होता तेव्हा मी तीन महिने तुमच्याच गावात राहिले आहे. पहिल्याच आठवड्यात समोरच्या आंब्यावर बसलेला पोपट काढला आणि खाली लिहिलं, ‘मॉरिशसचा पोपट’. शेजारच्या काकूंनी वही हातात घेतली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “हा तुमच्याकडचाच आहे, बाई.” खरंच होतं. गळ्यात गुलाबी कंठ असलेला आपला राघू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे पोचला आणि बेटभर पसरला. बेटाचा स्वतःचा पोपट वेगळा, त्याला एको पॅराकीट म्हणतात. तो जास्त गडद, पाचूसारखा हिरवा, अंगाने भरलेला आणि शेपटीने आखूड असतो. त्याच्या मादीची चोच काळी, आपल्या राघूच्या मादीची लाल. जुन्या झाडांच्या ढोलीत तो घर करतो, आणि नेमक्या त्याच ढोल्या आपल्या राघूलाही हव्या असतात. 1980च्या दशकात रानात तो जेमतेम दहा-बारा उरला होता. माणसांनी ढोल्या दुरुस्त केल्या, पिल्लं हाताने वाढवली, तेव्हा तो वाचला. तुमच्याकडच्या पाच पोपटांच्या शेजारी एक काळ्या चोचीची मादी काढून लावा. बघणारा आपोआप तिथे थांबेल आणि दोन्हींत काय फरक आहे ते शोधू लागेल.

जास्वंदीचंही तसंच आहे. गणपतीला वाहतो ती अंगणातली जास्वंद बाहेरून आलेली. पण बेटाची स्वतःची एक लाल छटेची जास्वंद आहे, हिबिस्कस फ्रॅजिलिस. ती फक्त कोर द गार्द आणि ल मोर्न या दोन डोंगरांवर रानात उरली आहे, तीही मोजकीच झाडं. कोर द गार्द तर तुमच्या शेजारच्या कात्र बोर्नमधून रोज दिसतो. गणपतीच्या मखराला या जास्वंदीचं चित्र मला हवं आहे. खरं फूल तोडायचं नाही, चित्रच.

आता केवडा. तुमच्या गावाचं नावच केवड्याच्या भाऊबंदांवरून पडलंय हे मुलांना सांगा. वाक्वा म्हणजे पँडॅनस, आपल्या कोकणातल्या केवड्याचं कूळ. तेच काठांना काटे असलेलं लांब पातं, तशीच मळसूत्रासारखी फिरत गेलेली पानांची मांडणी, खोडाला टेकू दिल्यासारखी जमिनीत उतरणारी मुळं. या कुळातल्या कितीतरी जाती मॉरिशस सोडून जगात कुठेच नाहीत. त्या आजोबांपैकी कुणाला वाक्वाच्या पातीची पिशवी विणता येत असेल तर प्रदर्शनात एक कोपरा त्यांना द्या आणि तिथेच बसून विणू द्या.

या केवड्याच्या पानांच्या बेचक्यात एक पाल राहते. पाल म्हटल्यावर नाकं मुरडली जातील, मला ठाऊक आहे. पण ही दिवसा हिंडणारी. वाक्वातल्या घराच्या मागे केळीच्या बुंध्यावर ती रोज दहाच्या उन्हाला यायची. अंग पोपटी हिरवं, पाठीवर सांडलेल्या कुंकवासारखे तांबडे ठिपके आणि शेपटीकडे उतरत जाणारा निळा रंग. तिला पापण्या नसतात, म्हणून ती जिभेने स्वतःचा डोळा पुसते. एकदा मी खिडकीच्या चौकटीवर जॅमचं बोट टेकवलं. ती आली, डोकं तिरपं करून माझ्याकडे पाहिलं आणि जॅम चाटून गेली. तो निळा मला दोन दिवस जमला नाही. शेवटी हिरवा वाळायच्या आत त्यात कोबाल्ट सोडला, तेव्हा कुठे जवळ आला. मुलांना हे करून बघायला सांगा, त्यांचे हात आपल्यापेक्षा सैल असतात.

ही पाल मध खाते आणि खाता खाता परागकण एका फुलावरून दुसऱ्यावर नेते. ट्रोकेशिया नावाच्या कुळातल्या एका फुलाचं बीज मुख्यतः तिच्याच जिवावर धरतं. त्याच कुळातलं, ल मोर्नच्या कड्यावर उगवणारं लाल घंटेसारखं फूल 1992 मध्ये, देश प्रजासत्ताक झाला तेव्हा, तुमचं राष्ट्रीय फूल ठरलं. लोक त्याला ‘बुक्ल दोरेय’ म्हणतात, म्हणजे कानातला डूल. किती सुंदर नाव! तुमच्या मंडळातल्या बायकांपैकी कुणाला रंगांची आवड असेल तर तिला नेसोकोडनही द्या. निळसर जांभळी घंटा आणि आत रक्तासारखा लाल मध. ते ओल्या कड्यांवर, धबधब्यांजवळ उगवतं, म्हणून फोटोवरूनच काढावं लागेल.

मोठ्या मुलांना मात्र फोटोवरून काढू देऊ नका. त्यांना बसने क्यूरपीपच्या वनस्पती उद्यानात न्या. तिथे ताडाच्या जातीचं एक झाड आहे, ह्योफोर्बे अमारिकॉलिस. अख्ख्या जगात हे एकच उरलंय. ते फुलतं, पण नरफुलं आणि मादीफुलं एका वेळी उमलत नाहीत, आणि दुसरं झाड तर कुठेच नाही. जपण्यासाठी त्याच्याभोवती सांगाडा उभारलेला आहे. मी गेले त्या दिवशी भुरभुर पाऊस होता. सांगाडा वगळून नुसतं झाड काढावं असं आधी वाटलं. मग तोही काढला, कारण ते झाड आज असंच जगतंय. मुलांनाही तसंच काढायला सांगा, पेन्सिलीनेच, रंगांची घाई नको.

आता तुमच्या लेकीचा प्रश्न. तिला माझ्यातर्फे सांगा, डच खलाशी 1598 मध्ये उतरले तेव्हा त्या बेटावर एकही माणूस राहत नव्हता. डच, फ्रेंच, आफ्रिकेतून आणि मादागास्करहून गुलाम करून आणलेली माणसं, 1834 नंतर करारावर आलेले बिहारचे, मद्रासचे, आपल्या कोकणातले मजूर, सगळे बोटीतूनच आले. त्या बेटावर माणसामाणसांत इथला आणि बाहेरचा अशी रेघ ओढताच येत नाही. झाडापक्ष्यांत ओढता येते, पण राग धरायला नाही, समजून घ्यायला. प्लेन शांपान्यला तुम्ही मीठ-मिरची घेऊन चिनी पेरू खायला जाता ना? तो पेरू इतका दाट वाढतो की खाली बेटाच्या झाडांची रोपं उजेडावाचून मरतात. मूळचं चांगलं रान आता दोन टक्केही उरलेलं नाही. आपली माधवीलताही तिथे झाडांवर चढून त्यांना गुदमरवते. आपण कुणाची जागा घेतोय हे पेरूला कळत नाही. लेकीला ते कळतं, म्हणून तर तिच्या मनात हा प्रश्न आला. तिने तो स्वतःच्या अक्षरात लिहावा आणि प्रदर्शनाच्या दाराशी लावावा असं मला फार वाटतं.

मांडणी अशी करा. एका भिंतीवर ‘इथलेच’, समोरच्या भिंतीवर ‘आलेले’. आलेल्यांच्या खाली कोण कुठून आलं तेही लिहा. गुलमोहर मादागास्करचा. साळुंकी भारतातून, 1762 मध्ये, टोळ खाण्यासाठी मुद्दाम आणलेली. मोर आपल्या आठवणीतून. इथल्यांच्या खाली बेटाच्या क्रेओल बोलीतलं नाव आधी, मग मराठी. पण क्रेओल नावाला एक ओळ जोडावी लागेल अशी एक जागा आहे. बेटाच्या खरुचीला, म्हणजे छोट्या ससाण्याला, लोक ‘मांझे द पूल’, कोंबड्या खाणारा, म्हणत आले. खरं तर तो मुख्यतः त्याच हिरव्या पाली खातो. मलेरियासाठी फवारलेलं डीडीटी आणि तुटलेलं रान यांनी त्याची अशी गत झाली की 1974 मध्ये रानात चारच उरल्याची नोंद आहे. 1979 मध्ये कार्ल जोन्स हे पक्षीतज्ज्ञ आले. घरट्यातली पहिली अंडी काढून घेतली की मादी पुन्हा घालते, हे हेरून त्यांनी ती जात उभी केली. आज तो शेकड्यांत आहे. ‘कोंबड्या खाणारा’ या नावाखाली तोंडात पाल धरलेला खरुची काढा.

आणि वाक्वाची हवा दमट, साधा कागद पोळीसारखा फुगेल. तीनशे ग्रॅमचा घ्या, मागून पुठ्ठा लावा.

प्रश्न : मी मालवणजवळ चित्रकला शिकवतो. ‘लुप्त झालेले पक्षी’ या विषयावर माझ्या नववीतल्या विद्यार्थ्याने सडपातळ डोडो काढला. एका स्पर्धेत परीक्षकांनी ‘डोडो लठ्ठ असतो, निरीक्षण चुकले’ असा शेरा मारून गुण कापले. मुलाने एका जुन्या मुघल चित्रावरून काढलं होतं. चूक कुणाची?

उत्तर : सर, मुलाची नाही. त्याला आधी हे वाचून दाखवा.

आपल्या डोळ्यांपुढे जो गोलमटोल डोडो येतो तो मुख्यतः युरोपातल्या चित्रांमधून आला आहे. 1620च्या दशकात रूलांट सावेरी या चित्रकाराने काढलेला जाडा डोडो पुढच्यांनी पुन्हा पुन्हा उतरवला. बंदिवासात, चुकीच्या खाण्याने फुगलेला पक्षी किंवा भुसा भरलेलं कातडं समोर ठेवून काढलेली चित्रंही त्यांत असावीत. हाडं मोजून पाहणारे आजचे अभ्यासक रानातला डोडो बराच सडसडीत मानतात.

तुमच्या विद्यार्थ्याने पाहिलेलं चित्र जहांगीराच्या काळातलं, साधारण 1625 च्या सुमाराचं, आणि ते उस्ताद मन्सूर यांचं मानलं जातं. आज ते सेंट पीटर्सबर्गला आहे. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी सुरतेला दोन डोडो पाहिल्याचं लिहून गेला आहे, म्हणजे जिवंत डोडो आपल्या किनाऱ्यावर उतरले होते. त्या चित्रात डोडोभोवती आणखी पक्षी आहेत, त्यांत पट्टेरी डोक्याचे हंस आहेत, ट्रॅगोपान आहे. हे पक्षी मन्सूरांनी इतके अचूक काढलेत की आजही जात ओळखता येते. मग मधला डोडोच तेवढा मनचा कसा असेल? सगळ्या रंगीत चित्रांत हेच सर्वांत विश्वासाचं मानणारे जाणकार पुष्कळ आहेत.

मी चाळीस वर्षं मुलांची चित्रं तपासली आहेत. ‘निरीक्षण चुकले’ हा शेरा मारताना हात जड व्हायला हवा. मुलाने कशावरून काढलं हे आधी विचारायचं असतं. आयोजकांना मुलाच्या नावाने पत्र पाठवा, सोबत मन्सूरांच्या चित्राची प्रत जोडा. गुण मिळोत न मिळोत, पत्र त्यालाच लिहू द्या.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाच्या भिंतीवर ‘डोडो गेला आणि त्याचं झाडही गेलं’ ही मोबाइलवर आलेली गोष्ट चितारायची आहे. ही गोष्ट खरी का? (ठाणे)

उत्तर : ते झाड तंबालाकोक. 1977 मध्ये एका शास्त्रज्ञाने मांडलं की त्याचं बी डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजतच नाही. त्याने टर्की पक्ष्यांना सतरा बिया खाऊ घातल्या, त्यांतल्या तीन रुजल्या. पुढे इतरांनी दाखवलं की बिया तशाही रुजतात, आणि डोडो गेल्यानंतर उगवलेली झाडंही रानात आहेत. गोष्ट गोड आहे, पण भिंतीवर नको. भिंतीवरचं मुलं वर्षानुवर्षं वाचतात.

त्याऐवजी ही काढा. मॉरिशसमधल्या माएबूरजवळ ईल ओ एग्रेत नावाचं सव्वीस हेक्टरांचं छोटं बेट आहे. तिथे आबनूस आहे, आपल्या टेंभुर्णीचा नातलग. त्याची फळं खाऊन बिया दूर नेणारी मोठी कासवं केव्हाच संपली होती, त्यामुळे फळं झाडाखालीच पडून राहायची. 2000 साली दुसऱ्या जातीची, मूळ अल्डाब्रा बेटावरची मोठी कासवं तिथे सोडली. त्यांनी फळं खाल्ली, बेटभर हिंडली, आणि आता आबनुसाची रोपं आईच्या झाडापासून लांब उगवताना दिसतात. कासव भिंतीच्या उजव्या टोकाला, पाठमोरं, निघून चाललेलं काढा. भिंतीच्या मधोमध त्याची वाळलेली लेंडी आणि तिच्यातून वर आलेली दोन पानं, तीही भरपूर मोठी. पानांना हिरवा देताना थोडा तांबूस मिसळा. झालं की फोटो पाठवा.