‘मी पुरावा बिघडवला, मॅडम’

डिजिटल फोरेन्सिक्स (कॉम्प्युटर-मोबाइलमधला पुरावा तपासण्याचं शास्त्र) आणि सायबर गुन्हे तपास यांत पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुलं गेली काही वर्षं माझ्याकडे समुपदेशनासाठी येताहेत. शब्द वेगवेगळे, पण चिंता तीच: ‘बाकीच्यांना सगळं येतं, मलाच येत नाही. हे क्षेत्र माझं नव्हेच.’ कुणी कायद्याची पदवी घेऊन आलेलं असतं, कुणी वाणिज्य शाखेतून. चक्क संगणक अभियंतेही येतात. त्यांना वाटतं, वर्गातले इतर शाळेत असल्यापासून हॅकिंग करत होते. हे इतक्यांदा ऐकलं की एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं. एका विद्यार्थिनीच्या परवानगीने, तिची ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

ती कायद्याची पदवीधर. पहिलं सत्र अर्धं झालं होतं आणि तीन आठवडे ती प्रयोगशाळेत फिरकली नव्हती.

“मी पुरावा बिघडवला, मॅडम.”

सरावासाठी दिलेली हार्ड डिस्क तिने राइट ब्लॉकर न लावता थेट कॉम्प्युटरला जोडली होती. राइट ब्लॉकर डिस्क वाचू देतो, पण तिच्यावर काही लिहू देत नाही. तो नसेल तर ऑपरेटिंग सिस्टीम आपल्या सवयीने बारीकसारीक नोंदी करून मोकळी होते. मग आधीचा हॅश आणि नंतरचा हॅश जुळत नाही. हॅश म्हणजे डिस्कवरच्या सगळ्या माहितीचा गणिताने काढलेला ठसा. एसएचए-२५६ पद्धतीने काढला तर तो ६४ चिन्हांचा दिसतो, आणि एक बिट बदलला तरी सगळा पालटतो. तिचा पालटला, तोही वर्गासमोर.

“खरी केस असती तर माझ्यामुळे आरोपी सुटला असता. जिला साधी डिस्क जोडता येत नाही, तिने तपास करायचाच कशाला?”

पहिल्या भेटींत मी धीर देण्याच्या फंदात पडले नाही. ‘चुकतं गं सगळ्यांचंच’ हे मैत्रिणींनी सांगून झालं होतं, त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता. चूक खरी होती आणि ती हुशार होती, म्हणून समजूत पटत नव्हती. मी तिला तिचा विषय मला शिकवायला लावलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, हे पथ्यावरच पडलं. शिकवताना तिचा आवाज मोकळा व्हायचा.

एकदा ती रॅमबद्दल, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मृतीबद्दल, सांगत होती. कॉम्प्युटर बंद केला की रॅममधलं बहुतेक सगळं पुसलं जातं, म्हणून कधी कधी तो चालू असतानाच ती टिपून घ्यावी लागते. पण टिपणारं सॉफ्टवेअरही त्याच रॅममध्ये चालतं आणि तिथली थोडी जागा व्यापतं.

“म्हणजे पुरावा घेतानाच पुरावा बदलतो?”

“थोडा बदलतोच. ब्रिटनमध्ये पोलीस प्रमुखांच्या संघटनेने चार तत्त्वं घालून दिली होती. पहिलं, मूळ माहिती बदलू नका. पण दुसरं म्हणतं, मूळ माहितीला हात लावावाच लागला तर लावणारा जाणकार हवा आणि त्याने काय केलं, त्याचा परिणाम काय झाला, हे त्याला कोर्टात सांगता आलं पाहिजे. तिसरं, केलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद हवी.”

“मग तुझ्या त्या डिस्कची नोंद कुठे आहे?”

नोंद नव्हती. तीन आठवडे स्वतःला कोसण्यात गेले, पण काय घडलं याची एक ओळही तिने लिहिली नव्हती. मी म्हटलं, लिहून आण. वेळ, क्रम, दोन्ही हॅश, आणि एकही विशेषण नको.

पुढच्या भेटीत दीड पानी अहवाल आला. नेटका, कोरडा, उत्तम. फक्त शेवटची ओळ अशी: ‘वरील कृतीवरून विद्यार्थिनी या क्षेत्रास अपात्र असल्याचे दिसून येते.’

मी त्या ओळीवर काहीच बोलले नाही. विचारलं, “समज, रात्री दोन वाजता एका खात्यावरून पैसे वळवले गेले. लॉगमध्ये, म्हणजे यंत्राने ठेवलेल्या नोंदींत, ते स्पष्ट दिसतंय. काय लिहिशील?”

“त्या वेळी, त्या आयपी पत्त्यावरून, त्या खात्यातून व्यवहार झाला.”

“खातेदाराने केला, असं का नाही?”

“असं कसं लिहिणार? लॉगवरून खातं कळतं. कीबोर्डवर कोण बसलं होतं ते नाही कळत. पासवर्ड चोरलेला असेल, मशीनमध्ये मालवेअर असेल. त्याला वेगळा पुरावा…”

ती थांबली. कागद पुन्हा पुढे ओढला, बराच वेळ पाहत राहिली. मग माझं पेन मागितलं आणि शेवटच्या ओळीवर काट मारली.

“ही उलटतपासणीत दोन मिनिटं टिकणार नाही, मॅडम.”

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी सगळी प्रॅक्टिस उभी आहे. कृतीला चांगलं-वाईट म्हणा, त्यावरून अख्ख्या माणसाला गुण देऊ नका, हे एलिस आयुष्यभर सांगत आले आणि मीही समोर बसलेल्या प्रत्येकाला ते सांगत आले. लोक मान हलवतात आणि घरी जाऊन स्वतःला पुन्हा नापास करतात. त्या दुपारी मला उमगलं की हे मी माझ्या भाषेत सांगत होते. तिच्या अभ्यासक्रमात तेच तत्त्व आधीपासून होतं, अधिक काटेकोर आणि रोजच्या वापरातलं. मी फक्त ते तिच्या दिशेने वळवलं. त्या दिवसाचं समाधान मी अजून जपून ठेवलं आहे.

तेव्हा या वाटेवरच्या मुलांना माझं सांगणं आहे. ‘मला सगळं आलं पाहिजे’ यातलं ‘पाहिजे’ आधी तपासा. फाइल सिस्टीम, नेटवर्क, मोबाइल, कायदा, अहवालाची भाषा हे सगळं एका माणसात मावत नाही. कायद्याकडून आलेल्यांनी रोज थोडा वेळ लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कमांड लाइनवर, म्हणजे माउसऐवजी टाइप करून आज्ञा देण्यात, घालवावा. पहिले काही महिने हात अडखळतीलच. अभियंत्यांनो, तुमचं घोडं बहुधा अहवालात अडतं. ज्याला हॅश हा शब्द माहीत नाही अशा माणसाला तुमचं पान वाचायला द्या आणि तो कुठे थबकतो ते पाहा.

प्रवेश घेण्याआधी स्वतःला एकच विचारा: तासन्‌तास नोंदी जुळवण्याचं, हजारो ओळींतून घटनाक्रम लावण्याचं काम मला रुचतं का? त्याचाच कंटाळा असेल तर शांतपणे फेरविचार करा. त्यात कमीपणा नाही.

आणि एक काळजी मात्र खरी असते, ती गिळू नका. या कामात मुलांवरील अत्याचाराची चित्रं समोर येऊ शकतात. आवाज बंद ठेवून, चित्र लहान आणि कृष्णधवल करून, मध्ये विश्रांती घेत पाहण्याची पद्धत आहे. ती शिक्षकांना विचारून आधीच शिकून घ्या. झोप उडाली, चित्रं डोळ्यांपुढून हटेनाशी झाली, तर लगेच कुणाशी तरी बोला. कणखरपणा दाखवायची ती जागा नव्हे.

माझी ती विद्यार्थिनी त्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी अहवाल घेऊन प्रयोगशाळेत गेली. परवा तिचा फोन आला. अभिरूप न्यायालयात ती तज्ज्ञ साक्षीदार होती. वकील झालेल्या वर्गमित्राने पहिल्याच प्रश्नात विचारलं, “तुमच्याकडून पूर्वी पुरावा बदलला गेला आहे, हे खरं ना?”

“हो,” ती म्हणाली होती, “त्याची नोंद मी सोबत आणली आहे.”

आवाज कापत होता, असंही तिने सांगितलं. उरलेली उलटतपासणी पुढच्या आठवड्यात आहे.